करोडगिरीतला वॉर्ड

अप्पा गवंड्याला घेऊन दारात आले, तेव्हा मी हुसेनबीच्या काखेत हात घालून तिला ओट्याशी उभं करत होते. भिंत पडून तिची कंबर मोडली होती. हाडं जुळली आहेत, आता चालायला हवं, असं डॉक्टर म्हणायचे. पण पाऊल उचलायचं म्हटलं की तिच्या कपाळावर घाम फुटायचा. ते ओटे म्हणजे कॉलेजच्या जुन्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले दगडी ओटे. बरोबर कमरेइतके उंच. दोन ओट्यांमधल्या बोळातून, दोन्हीकडे हात टेकत, आमच्या वॉर्डातल्या बायका पुन्हा चालायला शिकत होत्या.

अप्पा उंबऱ्याबाहेरच थांबले. गवंडी आत आला आणि समोरच्या भिंतीला टेप लावायला लागला. खाटांवरच्या बायकांनी पदर सावरले.

"हे ओटे सगळे काढायचे," अप्पा बाहेरून त्याला म्हणाले. "स्मारकाची शिळा त्या भिंतीला, मधोमध. दारातून येणाऱ्याला पहिली तीच दिसली पाहिजे."

अप्पा म्हणजे माझे वडील, वैजनाथ उमाटे. गावात त्यांना उमाटे गुरुजी म्हणत. शाळेतून निवृत्त झालेले, स्वातंत्र्यसैनिक. किल्लारीकडचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी तेव्हा आमच्या तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवत होते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे हा वॉर्डही माझ्याकडेच आला होता.

ही इमारत कॉलेजच्या आवारात असली तरी कॉलेजपेक्षा कितीतरी जुनी. निजामाच्या काळात तिथं जकातीचा नाका होता, म्हणून म्हातारी माणसं तिला अजून 'करोडगिरी' म्हणत. एक लांबलचक दालन, काळ्या दगडाच्या भिंती, उंचावर गजांच्या लहान खिडक्या. अठ्ठेचाळीस साली रझाकारांनी तिचा तुरुंग केला. पुढे सरकारनं बियाण्यांची कोठी केली, ते नाव माझ्या आईच्या तोंडी होतं. कॉलेज निघालं तेव्हा तिथं आधी वाचनालय आणि मग प्रयोगशाळा आली. मी शिकत होते तेव्हा आम्ही तिला नुसतं 'लॅब' म्हणायचो. नवी लॅब झाल्यावर ती बंदच होती. भूकंपानंतर मोठ्या दवाखान्यात जागा उरली नाही, तेव्हा कुलूप काढून, जाळी झाडून तिथं खाटा टाकल्या.

अप्पांसाठी मात्र ती कायम तुरुंगच राहिली. एकोणीस वर्षांचे असताना ते आणि त्यांचा जिवलग मित्र बसवंत तिथं कोंडले गेले. बसवंत मारानं आतच गेला. मी हे लहानपणापासून ऐकत आले होते. दर सतरा सप्टेंबरला अप्पा इमारतीच्या पायरीवर फुलं ठेवायचे, पण आत पाऊल टाकायचे नाहीत. तिथं बसवंतचं स्मारक व्हावं म्हणून त्यांनी मंत्रालयापर्यंत चपला झिजवल्या होत्या. आणि नेमका त्या वर्षी निधी मंजूर झाला. अट एवढीच, की इमारत मोकळी करून द्यायची.

संस्थेचे अध्यक्ष निटुरेसाहेब यांनी मला बोलावून घेतलं होतं. बायकांसाठी पत्र्याची शेड तयार आहे, तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे, तुम्हीच समजावून सांगा, असं ते म्हणाले. मी म्हटलं, शेडमध्ये डॉक्टर येणार नाहीत, आणि आता उठवलं तर यातल्या निम्म्या जणी पुन्हा कधी उभ्या राहणार नाहीत. त्यावर ते हसून म्हणाले, की हा प्रश्न तुमच्या वडिलांनाच विचारा.

मी विचारला होता. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो, आणि आमच्यात त्याआधी कधी एवढं वाजलं नव्हतं. मला या बायकांचं वाईट वाटत नाही असं समजू नकोस, असं अप्पा म्हणाले. पण सरकार त्यांना घर देईल, धान्य देईल. बसवंतला कुणी काही दिलेलं नाही. हा निधी परत गेला तर मी मरेपर्यंत दुसरा येणार नाही. त्यानंतर आठवडाभर आम्ही जेवायला समोरासमोर बसलो ते फक्त मीठ-तिखट मागण्यापुरतं बोलून.

म्हणून गवंड्याचा टेप भिंतीवर सरकताना बघून मी अप्पांकडे पाठ केली. हुसेनबीला खाटेवर बसवलं. हे कोण, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, माझे वडील, उमाटे गुरुजी.

ती बराच वेळ दाराकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "वैजनाथ का?"

अप्पांना नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. मी मान हलवली, तशी तिनं खाटेवरूनच आवाज दिला.

"भाऊ, तुमी वळखलं न्हाई मला. मी इमामसाबची बायकू. ह्या खिडकीखाली भाकर घिऊन येत हुते बघा."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. हातातल्या नकाशाच्या कागदाची त्यांनी घडी घातली, ती पुन्हा उलगडली.

हुसेनबी शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगायला लागली, की तिचा नवरा पिंजारी होता, गाद्या-वाकळा पिंजायचा, त्याला इथं आणून कोंडलं होतं. दारावरचं कुणी तिच्या भाकरीला हात लावत नव्हतं. "ह्या एका मानसानं माज्या हातची भाकर घेतली अन् आत पोचिवली. रोज घेतली. लई उपकार हायेत ह्यांचे."

अप्पा वळले आणि चालू लागले. गवंडी टेप हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

मला वाटलं, तिची काळाची गल्लत होते आहे. रझाकारांनी पिंजाऱ्याला कशाला कोंडलं असेल, आणि तेव्हा तर अप्पा स्वतः आत होते. मी तिला तसं म्हटलं.

"त्याच्या मागून, बाई," ती म्हणाली. "फौज आल्यावर. तुमची मानसं सुटली अन् आमची आत गेली."

मी इतिहास शिकवत होते. सतरा सप्टेंबरला निजाम शरण आला, इथं माझा धडा संपायचा. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच त्याच दाराला पुन्हा कुलूप लागलं असेल, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा अप्पा पडवीत खाटेवर बसून होते. दुपारचं ताट तसंच झाकून ठेवलेलं होतं. मी चहा करून त्यांच्याजवळ ठेवला आणि पायरीवर बसले. अंधार पडल्यावर ते आपणहून बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, अंगणातल्या तुळशीकडे बघत बोलत होते.

भारताची फौज आली आणि अप्पांना सोडलं. गावात गुलाल उधळला. अप्पांनी बसवंतच्या आईच्या दारात जाऊन डोकं टेकलं आणि परत आले ते डोक्यात राख घालूनच. दोन-तीन दिवसांत आजूबाजूच्या गावांतून मुसलमान पुरुष धरून आणायला सुरुवात झाली. चौकशी करायची म्हणून. त्यात एखाददुसरा रझाकार होता. बाकीचे तेली, पिंजारी, कुळं. पहारा कुणी करायचा असा प्रश्न निघाला, तेव्हा पुढाऱ्यांनी किल्ली अप्पांच्या हातात दिली. तुझा हक्क आहे, असं म्हणून दिली.

"आणि तुम्ही घेतलीत."

"घेतली. मला बरं वाटलं होतं तेव्हा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गावातली दहा-बारा माणसं आली. यांना जिल्ह्याला न्यायचं आहे म्हणाली. कुणाकडे कागद नव्हता, गाडी नव्हती. हातांत काय होतं ते अप्पांना दिसत होतं. त्यांनी किल्ली दिली. आत कोंडलेल्यांना मागच्या ओढ्याकडे नेलं. अप्पा दारातच उभे राहिले. तिथून ओढा फार लांब नाही, तेव्हा तर दारातून दिसायचा.

"ती माणसं कोण होती, नावं विचारू नकोस," ते म्हणाले. "त्यांतली काही पुढं फार मोठी झाली."

मी विचारलं, मग भाकरी.

अप्पांनी तोंडावरून हात फिरवला. "ती तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा आली. आत कुणीच नव्हतं. पोटुशी होती, एवढीशी पोर. खिडकीखाली उभी राहून म्हणाली, एवढं त्यांना द्या. मला तोंड उघडता येईना. घेतो म्हटलं, देतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत आली. तेव्हा सांगायला जास्त अवघड झालं. असं रोज होत गेलं. शेवटी मी तिला सांगितलं, की त्यांना हैदराबादला पाठवलं."

"आणि भाकरी?"

"गाईला घालायचो." ते पुढं म्हणाले, "एक दिवस भूक लागली होती. मी खाल्ली."

मग ते उठून आत गेले. मी पायरीवर बसून राहिले. त्यांचा राग यावा असं मला वाटत होतं, आणि येत नव्हता; पण त्यांच्याजवळ जाऊन बसावं असंही वाटत नव्हतं.

सकाळी मी निघाले तेव्हा तेही चप्पल घालून तयार होते. कॉलेजपर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो. या वेळी ते दारात थांबले नाहीत. चप्पल काढून आत गेले. हुसेनबीच्या खाटेजवळ एक स्टूल होतं, तिच्या औषधांच्या बाटल्या त्यावर असायच्या. मी बाटल्या उचलल्या आणि ते स्टुलावर बसले.

त्यांनी तिला सगळं सांगितलं. रात्री मला सांगितलं त्याहून थोडक्यात, पण काही गाळलं नाही. किल्ली गाळली नाही आणि खाल्लेली भाकरीही नाही. शेजारच्या बायका कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडल्या.

ऐकताना हुसेनबीच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नसावं. मग तिनं विचारलं, "म्हंजी त्यो हैदराबादला गेलाच न्हाई?"

"नाही."

"कराचीला बी न्हाई?"

अप्पांनी मान हलवली.

तेव्हा तिनं सांगितलं, की हैदराबादहून काही निरोप येईना, तेव्हा गावातल्या लोकांनी ठरवून टाकलं, इमामसाब कराचीला पळाला. तिकडे दुसरी केली असेल म्हणाले. तिनंही तेच खरं धरलं. रागानं बांगड्या फोडल्या नाहीत, दुसरा निकाह केला नाही, चुलत्याच्या शेतात राबून एकुलता एक पोरगा वाढवला. भूकंपात तो पोरगा, सून, नात, सगळे त्याच भिंतीखाली गेले.

"माज्या लेकानं विचारलं की मी सांगायची, तुजा बाप सोडून गेला, त्याचं नाव काडू नगंस," ती म्हणाली. तिचा आवाज आता कुठं फाटला. "त्येच ऐकून गेला त्यो. आठ म्हैनं आदी आला असता गुरुजी, तर लेकाला तरी कळलं असतं."

अप्पा हात जोडून बसले होते, पण तिनं त्या हातांकडे बघितलं नाही. भिंतीकडे तोंड करून ती आडवी झाली. तिला आडवं व्हायला मदत लागायची. त्या दिवशी तिनं माझा हात लावून घेतला नाही. अप्पा उठले, स्टूल जागेवर ठेवलं आणि निघाले.

दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करूनच पडून होती, औषधापुरती वळायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर खाटेच्या कडेला पाय सोडून बसली होती. मला म्हणाली, "तुज्या बापाला इचार, ती जागा त्याला ठावं हाय का."

मी म्हटलं, असेल.

"मग मला उभं कर."

त्यानंतर ती ज्या हट्टानं चालायला शिकली, तसं मी कुणाला बघितलेलं नाही. दोन ओट्यांमधल्या त्या बोळात ती सकाळ-संध्याकाळ पाय ओढत राहायची. डॉक्टर म्हणायचे, एवढं नको, कंबर सुजेल. ती ऐकायची नाही.

त्याच आठवड्यात स्मारक समितीची बैठक झाली. मी तिथं नव्हते. तिथं काय झालं ते मला अप्पांनी आणि नंतर निटुरेसाहेबांनी, दोघांनीही सांगितलं. अप्पांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, बायका चालत्या होईपर्यंत इमारत त्यांच्याकडे राहावी. दुसरी, शिळेवर बसवंतच्या नावाखाली आणखी एक ओळ असावी, की याच जागेत नंतर कोंडलेली आणि परत न गेलेली माणसंही होती. पहिली गोष्ट कदाचित मान्य झाली असती. दुसरीवर बैठक बिघडली. मग कुणी म्हणालं की गावातलं वातावरण बिघडेल, कुणी म्हणालं की हुतात्म्यांचा अपमान होईल. निटुरेसाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "गुरुजी, तुमची तब्येत बरी दिसत नाही." अप्पांनी तिथंच राजीनामा लिहून दिला.

स्मारक पुढं तहसील कचेरीच्या बागेत झालं. संगमरवर चांगला आहे. उद्घाटनाची पत्रिका घरी आली होती, अप्पा गेले नाहीत. ज्यांच्याबरोबर ते रोज पारावर पेपर वाचायला बसायचे, त्यांतल्या काहींनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. माझ्याकडचं सेवा योजनेचं काम काढून दुसऱ्याला दिलं. पण निधीच बागेत गेल्यामुळे करोडगिरीची कुणाला घाई उरली नाही आणि आमच्या बायका तिथंच राहिल्या. एकेक करून, काठीवर, कुबडीवर, त्या बाहेर पडल्या. आता तिथं कॉम्प्युटर आहेत आणि पोरं तिला 'आयटी' म्हणतात. दर वर्षी पहिल्या तासाला मी नव्या वर्गाला तिथं नेते आणि त्या भिंतींच्या आत कोण कोण राहून गेलं ते ओळीनं सांगते. मधलं काही गाळत नाही. सुरुवातीला तक्रारी आल्या. नंतर लोक कंटाळले असावेत.

हुसेनबी वॉकर घेऊन बाहेर पडली ती त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका सकाळी, ऊन चढायच्या आत. मी एका बाजूला आणि अप्पा चार पावलं पुढं, वाट दाखवत. कॉलेजचं मैदान ओलांडून ओढ्यापर्यंत पोचायला आम्हांला फार वेळ लागला. मध्ये दोनदा ती थांबली, पण बसली नाही. ओढा कोरडा होता. अप्पा एका ठिकाणी उभे राहिले, जिथं दरड थोडी खचलेली आहे आणि तरवडाची झुडपं माजलेली आहेत. त्यांनी हातानं दाखवलं आणि बाजूला झाले.

मी तिला धरून खाली बसवलं. तिनं आधी हातानं जमिनीवरचे खडे बाजूला केले, अंथरूण साफ करावं तसे. मग ओंजळ समोर धरून ओठ हलवत राहिली. मधेच मराठीत बोलायला लागली. मला काही शब्द ऐकू आले. इमामसाबचं नाव त्याच्या बापाच्या नावासकट घेतलं, मग पोराचं, नातीचं. मग एकदा स्पष्ट म्हणाली, "मला वाटलं तू गेलास." पुढचं मी ऐकलं नाही, लांब जाऊन उभी राहिले.

अप्पा टोपी हातात घेऊन उन्हात उभे होते. सतरा सप्टेंबरला हा माणूस तास-तास बोलायचा.

हुसेनबीनं डोळे पुसले आणि त्यांच्याकडे वळून बघितलं. बैठकीत काय झालं ते तिच्या कानावर गेलं होतं. वॉर्डात सगळं पोचायचं. तिनं विचारलं, "तुमचा त्यो दोस्त, बसवंत. त्याला कुटं ठिवलंय?"

बसवंतची समाधी कुठंच नव्हती. मला हे माहीत होतं, पण त्याचा असा विचार मी कधी केला नव्हता.

"माहीत नाही," अप्पा म्हणाले. "आम्ही आत होतो. मेल्यावर त्याला बाहेर ओढत नेलं, एवढं बघितलं. प्रेत दिलं नाही त्यांनी. त्याच्या आईनं लई वाट बघितली."

हुसेनबीनं ओढ्याकडे बघितलं, वर आणि खाली, जिथवर नजर जाते तिथवर.

"मंग हितंच असंल की कुटंतरी," ती म्हणाली. "लांब कोन न्हेतंय."

अप्पा खाली बसले. तिच्यापासून थोडं अंतर राखून, मातीतच. ती त्यांच्याकडे न बघता पुन्हा समोर वळली. तिनं दुसऱ्यांदा ओंजळ उघडली, आणि या वेळी ओठ हलवण्याआधी मला विचारलं, बसवंतच्या बापाचं नाव काय होतं.

मला ते ठाऊक नव्हतं. अप्पांनी सांगितलं.